नाव पर उँगली रखो : इंदूरमधल्या दुसरीच्या एका मुलीची वाचन-तपासणी

पार्श्वभूमी

मुलीला घरी सगळे छोटी म्हणतात, इथेही तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तपासणीच्या वेळी तिचं वय सात वर्षं एक महिना. इंदूरच्या जुन्या भागातली हिंदी माध्यमाची खासगी शाळा, इयत्ता दुसरी, वर्गात ४२ मुलं आणि एकच शिक्षिका. मी विशेष शिक्षिका आहे आणि आठवड्यातले दोन दिवस त्या शाळेत जाते.

छोटीची पहिली पाच वर्षं आजोळी, जुन्नरजवळच्या गावात गेली. वडील पिथमपूरला कारखान्यात, आई शिवणकामाच्या युनिटमध्ये, त्यामुळे मूल सांभाळायला घरी कोणी नव्हतं. आजोबा गेल्यावर आजीच मुलीला घेऊन इंदूरला आली. म्हणजे छोटी पहिलीत बसली तेव्हा तिला हिंदी जवळपास येत नव्हती. घरात आजीची जुन्नरकडची मराठी, आई-वडिलांची आमची इंदुरी मराठी (निम्मी हिंदी, वर इंदुरी जीरावण मसाला), आणि गल्लीत मालवी वळणाची हिंदी.

शाळेच्या प्रवेश-अर्जात मातृभाषेच्या रकान्यात वडिलांनी ‘हिन्दी’ लिहिलं होतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, हिंदी शाळा आहे, मराठी लिहिलं असतं तर घेतलं नसतं तर?” शाळेत अर्धा स्टाफ मराठी आहे, घेतलं नसतं असं काही नव्हतं. पण कागदावर हिंदी आली, आणि पुढचं बरंच काही त्या एका शब्दामुळे झालं.

अडचण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेने दुसरीच्या सगळ्या मुलांची वाचन-तपासणी घेतली. ५ जुलै २०२१ ला लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठी केंद्राचं निपुण भारत अभियान सुरू झालं, मध्य प्रदेशात त्याचं नाव मिशन अंकुर. त्यात दुसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. अभियान सरकारी असलं तरी हे आकडे आता खासगी शाळांच्या भिंतींवरही लागले आहेत. शाळेने स्वतःचा एक कागद बनवला होता: दहा चित्र-प्रश्न, एका मिनिटात चाळीस अक्षरं, दहा शब्द, सहा ओळींचा उतारा आणि त्यावर पाच प्रश्न.

छोटीचा निकाल असा होता: चित्रं दहापैकी चार, अक्षरं चाळीसपैकी अकरा, शब्द दोन, उतारा घेतलाच नाही. खाली शेरा: ‘बहुत धीमी. च और ज का उच्चारण दोष. कक्षा १ में बैठाएँ.’

शिक्षिकेला दोष देण्यात अर्थ नाही. दोन दिवसांत ४२ मुलं, एकेकाला जेमतेम सात-आठ मिनिटं, आणि मागे बाकीचा वर्ग दंगा करतोय. मला वाटतं तिथे मीही तेच लिहिलं असतं. पण तो शेरा आईच्या हाती गेला, आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर खाडा करून शाळेच्या दारात उभी होती. “मॅडम, हिच्या डोक्यात काही कमी आहे का?” असं तिने मला सगळ्यांसमोर विचारलं. छोटी तिच्या पदराआड उभी राहून ऐकत होती.

मी कागद बाजूला घेऊन चित्र-प्रश्न पुन्हा घ्यायचे ठरवले. छोटीला शेजारी बसवलं, समोर नाही. पहिल्या ओळीत चार चित्रं होती: होडी, बस, सायकल, विमान. मी कागदावरची सूचना वाचली, “नाव पर उँगली रखो.”

तिचं बोट चित्रांकडे गेलंच नाही. ते सरळ कागदाच्या वरच्या टोकाला गेलं. तिथे बाईंनी पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं होतं, त्यावर तिने बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी फुली मारली. हे मुद्दाम सांगते आहे. मी मराठी, इंदूरच्या रामबागेत वाढलेली, तरी फुली मारून पुढच्या प्रश्नावर गेले, कारण हातात हिंदीचा कागद होता आणि कान हिंदीचे झाले होते. पुढचा प्रश्न ‘खाली डिब्बा कौन सा है?’ पानावर एकाखाली एक दोन डबे, वरचा रिकामा, खालचा लाडवांनी भरलेला. तिने खालच्यावर बोट ठेवलं. तेव्हा मला कळलं. ‘ऊन’ला ती लोकरीचा गुंडा सोडून सूर्यावर गेली. ‘बाल’ला वेणीवर न जाता पाळण्यातल्या बाळावर. सहा चुकांपैकी चार अशा होत्या. मराठीत पाहिलं तर चारही उत्तरं बरोबर होती.

उच्चार-दोषाचंही तसंच. मराठीत च आणि ज दोन तऱ्हांनी बोलले जातात. ‘चहा’तला च वेगळा, ‘चोर’मधला वेगळा. हिंदीत एकच. छोटी हिंदी कागदावरचं ‘चोर’ आणि ‘जहाज’ मराठी तोंडाने वाचत होती, आणि बाईंना ते तोतरं वाटत होतं. दुसरीकडे ‘कमल’ लिहिलेलं ती ‘कमळ’ वाचत होती. वर्गात ही चूक धरली गेली, पण मला त्यातून उलटच दिसलं. जी मुलगी नुसती अक्षरं घोकत असती तिने ल ला ल म्हटलं असतं. ही अक्षरांवरून ओळखीच्या शब्दापर्यंत पोचत होती.

समोरचे पर्याय

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, आई-वडील आणि मी असे बसलो. पाच गोष्टी पुढे आल्या.

मुख्याध्यापिकांचं म्हणणं, वर्षभर पहिलीत बसू दे, पाया पक्का होईल. शिक्षण हक्क कायद्यात पहिली-दुसरीत मूल मागे ठेवायला जागा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुभा राज्यांना दिली ती पाचवी आणि आठवीपुरती. त्यामुळे ‘नाव दुसरीत, बसणं पहिलीत’ अशी तोड निघते, आणि ती बऱ्याच ठिकाणी चालते. मला ती पटत नाही. पहिलीची बाईही तीच हिंदी त्याच वेगाने शिकवणार.

वडिलांना ट्यूशन लावायची होती. आईला कोणीतरी सांगितलं होतं की अध्ययन-अक्षमतेचं प्रमाणपत्र काढा, पेपरात सवलत मिळते. पण मूल आठ वर्षांचं होण्याआधी त्या प्रमाणपत्राचा प्रश्न येत नाही, आणि त्याआधी केलेली कोणतीही तपासणी फार तर ‘लक्ष ठेवा’ इतकंच सांगते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तयार झालेला ‘डाली’ हा डिस्लेक्सिया (वाचन-अक्षमता) तपासायचा संच हिंदी आणि मराठी दोन्हीत आहे, त्यात पहिली-दुसरीसाठी शिक्षकाने भरायची छोटी चाळणी, म्हणजे प्राथमिक तपासणी आहे. ती हाताशी होती. पण वर्षभर जी भाषा मुलीच्या कानावर नीट पडलीच नाही, त्या भाषेच्या वर्गावरून ती चाळणी भरायची तर भरणार काय?

चौथा सल्ला वर्गशिक्षिकेचा, आणि इंदुरात हा सल्ला प्रत्येक मराठी घराला कधी ना कधी मिळालेला आहे: “घर पर हिन्दी बोलिए.” आई लगेच कबूल झाली. मी अडवलं. आजीला हिंदी येत नाही. आजीने मोडकीतोडकी हिंदी बोलायची म्हणजे गोष्टी बंद, गप्पा बंद, उरणार ‘खाना खा लो’ आणि ‘सो जाओ’. मुलीचा जो एकच पाय भक्कम होता तोच काढून घेतल्यासारखं झालं असतं.

पाचवा पर्याय माझा: दोन्ही भाषांत तपासू, मग ठरवू. तो मान्य झाला. पण इथे मीच घसरले. ‘नाव’चा प्रसंग इतका बोलका होता की मी स्वतःच त्याला भुलले. आईला मी सांगून टाकलं, “ताई, काळजी करू नका, सगळा भाषेचा घोळ आहे, मुलगी हुशार आहे.” आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, माझाही. त्या समाधानात पुढचे तीन आठवडे मी मराठी तपासणी घेतलीच नाही. निदान आधीच होऊन बसलं होतं ना.

काय केलं

ऑगस्टमध्ये एकदाची मराठी तपासणी झाली, शाळेत नाही, घरी, आजीच्या खाटेवर बसून. वाचनाचं साधं गणित असं मांडतात की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर यांनी ते मांडलं. मुद्दा त्या गुणाकारात आहे. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही असो, उत्तर शून्य. शाळेच्या कागदाने दोन्ही बाजू एकत्र मोजल्या होत्या, म्हणून शून्य कुठलं हे कळत नव्हतं. मला त्या सुट्या करायच्या होत्या.

भाषेची बाजू आधी. मी एक गोष्ट रचून सांगितली: मांजरीचं डोकं दुधाच्या लोट्यात अडकतं, ती घरभर आपटत फिरते, शेवटी आजी लोट्याला तेल लावते. पाच प्रश्न विचारले, पाचही बरोबर. मग म्हटलं आता तू सांग. तिने सांगितली ती माझ्यापेक्षा लांब होती. मांजरीला तिने आवाज दिला, आजीला वेगळा दिला, आणि शेवटी माझ्या गोष्टीत नसलेलं एक वाक्य घातलं, “मग आजीने मांजरीला विचारलं, तुला घाई कसली झाली होती गं?” खाटेच्या पलीकडे तिची आजी तोंडाला पदर लावून हसत होती. तशीच दुसरी गोष्ट हिंदीत सांगितली. पाचपैकी दोन, तीही मराठीत दिलेली उत्तरं.

आता अक्षरं. घड्याळ काढून ठेवलं. वेळेचं बंधन नसताना चाळीसपैकी सव्वीस. जुलैत अकरा होती, त्यातला मोठा फरक घड्याळाचा होता. उरलेल्या चौदांत भ-म, घ-ध, थ-य अशा जोड्या, आणि ख, जो ती ‘रव’ वाचायची. मग काना-मात्रा नसलेले दहा शब्द: मराठी सहा, हिंदी पाच. मात्रा असलेले दहा: मराठी तीन, हिंदी तीन.

हे दोन तीन मी बराच वेळ बघत बसले. सगळा घोळ भाषेचा असता तर मराठी शब्द पुढे असायला हवे होते. ‘चिमणी’, ‘मोगरा’, ‘आजी’ हे तर तिच्या रोजच्या तोंडचे शब्द. ‘चिमणी’ तिने ‘चमण’ असं वाचलं, थांबली, आणि पुढे गेली. म्हणजे भाषेमुळे मुलीवर अन्याय झाला होता हे खरं, आणि अक्षरं उलगडण्यात तिला खरीच अडचण होती हेही तितकंच खरं. मी तीन आठवडे आईला अर्धंच सांगत होते.

ध्वनींचीही तपासणी घेतली. ‘वडापाव’मधून वडा काढला तर काय उरेल? “पाव.” ‘कमळ’मधून क? “मळ.” आठपैकी सात. शेवटचा स्वर किंवा व्यंजन सुटं करणं मात्र सहापैकी एकच. याची मला फार काळजी वाटली नाही. सोनाली नाग यांच्या कन्नड वाचनावरच्या कामात दिसलं आहे की आपल्या अक्षरलिप्यांत मुलांना शब्दाच्या अवयवांची (‘क-मळ’मधला ‘क’ असे उच्चाराचे तुकडे) जाण आधी येते, सुट्या ध्वनींची बरीच मागून. इंग्रजीसाठी बनवलेला तक्ता इथे लावला तर वर्गातली अर्धी मुलं आजारी ठरतील.

निघताना आजीने सहज म्हटलं, “डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाही गं बाई ती. आपल्याच नादात असते.” हे ऐकून मला घाम फुटला. ऐकू येण्याची तपासणी ही पहिल्या दिवसाची गोष्ट. मी ती पाचव्या आठवड्यात आजीच्या तोंडून ऐकत होते.

सरकारी रुग्णालयात ऑडिओमेट्री झाली. डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं, त्या कानाने थोडं कमी ऐकू येत होतं. पावसाळ्यातल्या सततच्या सर्दीने लहान मुलांत हे होतं. डॉक्टरांनी तीन महिने लक्ष ठेवू म्हटलं. वर्गात तिची जागा फळ्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताच्या भिंतीला होती, म्हणजे बाईंच्या बाजूला नेमका डावा कान. जागा त्याच दिवशी बदलली, पुढची ओळ, डावी भिंत.

मग काम सुरू झालं. शाळेतल्या माझ्या दोन दिवसांत रोज वीस मिनिटं मी, इतर दिवशी दहा मिनिटं घरी आई. एका वेळी एकच मात्रा. लिपी एकच असल्याचा फायदा घेतला: कार्डाच्या एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला हिंदी. इकडे ‘पाणी’, तिकडे ‘पानी’. इकडे ‘काळी’, तिकडे ‘काली’. आणि एक वेगळी चवड फसव्या शब्दांची: नाव, खाली, ऊन, बाल, केस. ती तिला फार आवडली. ‘हिंदीत काय, मराठीत काय’ हा खेळ ती मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुलांशी खेळू लागली, आणि एकदा ‘शिक्षा’ या शब्दावरून बाईंनाच तिने कोड्यात टाकलं.

वर्गशिक्षिकेकडे मी एकच मागितलं: उताऱ्यावरचं उत्तर मुलीने मराठीत दिलं तरी समजल्याचा गुण द्या, हिंदी बोलण्याचा गुण वेगळा ठेवा. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. आजीचं काम ठरलेलंच होतं, रात्रीची गोष्ट. फक्त दुसऱ्या दिवशी ती छोटीने आईला हिंदीत सांगायची, जमेल तशी.

निकाल

दिवाळीनंतर पुन्हा तपासलं, वेगळे शब्द आणि वेगळ्या गोष्टी घेऊन. या वेळी सुरुवात अक्षरांपासून केली नाही. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरातल्या सर्वेक्षणात मुलासमोर आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद ठेवतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही तर खाली शब्द, मग अक्षरं. त्या क्रमाने गेलं की मूल आधी पुस्तकासारखं काहीतरी वाचून बघतं, पहिल्याच मिनिटाला सुट्या अक्षरांच्या रांगेत अडकत नाही. अक्षरं चाळीसपैकी सदतीस, मात्रांचे शब्द मराठी आठ, हिंदी सात. हिंदी गोष्टीवर पाचपैकी चार. वेग मिनिटाला अठरा शब्द. नोव्हेंबरच्या तपासणीत कान मोकळा निघाला.

फेब्रुवारीत वेग एकतीस. पंचेचाळीसला ती पोचली नाही. जोडाक्षरं अजून अडतात, ‘प्र’ आणि ‘र्प’ यांत गोंधळ होतो. पहिलीत मात्र तिला कोणी बसवलं नाही.

वेगाबद्दल एक गोष्ट. मी मराठी उताराही घेतला, त्यात तिचा आकडा तेवीसच आला, आणि आई हिरमुसली. तिला मोजून दाखवलं. हिंदीत ‘पेड़ के नीचे’ हे तीन शब्द, मराठीत ‘झाडाखाली’ हा एक. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय आपण शब्दाला चिकटवून लिहितो, हिंदी सुटं लिहिते. ‘के’, ‘में’, ‘से’ असे चिमुकले शब्द हिंदीत आकडा वाढवतात. म्हणून दोन भाषांतले मिनिटाचे शब्द शेजारी ठेवून तुलना करायची नसते.

कशाने किती फरक पडला? कान, जागा, मात्रांचा सराव, मराठी उत्तराला मिळालेली मान्यता, हे सगळं एकाच वेळी सुरू झालं. मी सुटं सांगू शकत नाही, आणि कोणी सांगायला लागलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

कान आणि डोळे पहिल्याच आठवड्यात, बाकी सगळं नंतर. हे मला माहीत होतं, इतरांना मी ते शिकवते, आणि तरी चुकले, कारण हातात एक सुंदर खुलासा आला होता.

अर्जातला मातृभाषेचा रकाना मी पुरावा म्हणून धरणार नाही. आता मी विचारते, “रात्री झोपताना गोष्ट कोण सांगतं, आणि कोणत्या भाषेत?” या प्रश्नाला कोणी घाबरत नाही, म्हणून उत्तर खरं येतं.

आणखी एक चूक छोटी वाटेल. सप्टेंबरात एकदा तिने ‘कमल’ला ‘कमळ’ वाचलं आणि मी बाईंसमोर “कमल, ल” असं दुरुस्त केलं. त्यानंतर तीन भेटी ती मोठ्याने वाचायलाच तयार नव्हती. तपासताना ऐकायचं आणि लिहून घ्यायचं असतं, शिकवायची वेळ वेगळी. शेवटी मीच एक दिवस तिच्यासमोर हिंदी उतारा मराठी उच्चारांत वाचला, तिने माझ्या चुका काढल्या, तेव्हा गाडी रुळावर आली.

शाळेने कागदावरचे ‘नाव’ आणि ‘खाली’ हे दोन प्रश्न बदलले. ‘ऊन’ आणि ‘बाल’ तसेच आहेत. ‘हिन्दी तो आनी चाहिए’ असं उत्तर मिळालं, आणि त्यातही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फक्त ती हिंदीची परीक्षा आहे असं कागदावर लिहावं, वाचनाची म्हणून घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं अजून चालू आहे.

जूनमध्ये छोटी आठ वर्षांची होईल. जोडाक्षरं तोवर सुटली नाहीत तर तिसरीत दोन्ही भाषांतून रीतसर तपासणी करायची असं आई-वडिलांशी ठरलं आहे. फेब्रुवारीत मी मांजरीचीच गोष्ट तिला पुन्हा सांगायला लावली. सांगितली झकास, पण लोटा खाटेखाली गडगडतो तिथे ती म्हणाली, “लोटा खाटेच्या नीचे गेला.” गुणपत्रकात यासाठी रकाना नाही. मी समासात तारीख घालून लिहून ठेवलं.